टर्बो दोघी, पार्किंग एकच!

फियाट म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? काळी-पिवळी टॅक्सी, बरोबर? माझ्याही तीच यायची. मग इंग्लंडमध्ये रेडिंगला राहणाऱ्या चुलतभावाचा फोन आला. ‘‘अगं, थोडे पैसे साठवलेत. जुनी स्पोर्ट्स कार घ्यायचीय. फियाट कूपे की ऑडी टीटी?’’ दादाकडे पार्किंगची जागा एकच, आणि वहिनीची परवानगीही एकदाच मिळणारी. म्हणजे चुकायला स्कोपच नाही, बॉस!

मग काय, लागले कामाला.

घर साधं, थाट राजेशाही

गंमत म्हणजे दोघीही तशा साध्या घरातल्या. कूपे उभी आहे टिपो या फॅमिली हॅचबॅकच्या पायावर, तर टीटी फोक्सवॅगन गोल्फच्या. पण कपडे शिवणारे काय एकेक! १९९३ साली आलेल्या कूपेचं बाहेरचं रूप क्रिस बँगलचं. चाकांच्या वर सुरीनं तिरके काप दिल्यासारख्या रेषा, आत पिनिनफरीनाचा डॅशबोर्ड आणि त्यावर बॉडीच्याच रंगाची पट्टी. १९९८ची टीटी याच्या अगदी उलट. सगळं गोल, गुळगुळीत, नेमकं. पुढून आली की मागून, क्षणभर कळत नाही!

वीसचा पाढा

दोन्ही इंजिनांत व्हॉल्व्ह २०च, पण हिशेब वेगळा. फियाटची १९९६ची टर्बो म्हणजे पाच सिलिंडर, प्रत्येकी चार व्हॉल्व्ह. ऑडीची चार सिलिंडर, प्रत्येकी पाच. ताकद २२० आणि २२५ हॉर्सपॉवर. शून्य ते शंभर दोघीही साडेसहा सेकंदांच्या आसपास. फरक पडतो तो रस्त्यावर. टीटीची ताकद चारही चाकांना मिळते, कूपेची फक्त पुढच्या दोन.

तरी भीती वाटावी अशी गोष्ट टीटीचीच. सुरुवातीच्या टीटींना जर्मनीत भरधाव वेगात अपघात झाले, माणसं गेली. मग ऑडीनं गाड्या परत बोलावून सस्पेन्शन बदललं, ईएसपी दिलं आणि त्या देखण्या पाठीवर छोटा स्पॉयलर बसवला. म्हणून दादाला पहिली सूचना : सुरुवातीची टीटी असेल तर हे काम झालंय का, कागद बघ.

कूपेचं दुखणं खिशाचं. टायमिंग बेल्ट बदलायचा तर मेकॅनिक बहुतेक वेळा इंजिनच खाली उतरवतात. बेल्ट तुटला तर इंजिनच गेलं समजा. त्यात ही गाडी २०००मध्ये बंद झाली, त्यामुळे सुटे भाग शोधत फिरायचं. टीटीचे बरेच भाग गोल्फशी जुळणारे, तिथे निवांत.

मग माझं मत?

डोकं म्हणतं टीटी. पण दादाची लेक आहे दहा वर्षांची, उंच होत चाललेली. टीटीच्या मागच्या सीटवर ती दोन वर्षांत मावणार नाही. कूपेत मात्र मागे मोठी माणसंही बसतात. आणि स्पोर्ट्स कार घेऊन एकट्यानंच फिरायचं, तर वहिनीची परवानगी कशाला लागली होती?

मी सांगितलं, ‘‘फियाट घे. पण बेल्टचे पैसे आधी बाजूला काढ.’’

दादानं घेतली. लाल. परवा वहिनीचा फोन आला, ‘‘तूच सुचवलीस ना? मग सांग, इंजिन खाली उतरवलेलं असताना घरात किराणा कोण आणणार?’’