तीन पायांचा तापमापक

एलएम३५ दिसायला साध्या ट्रान्झिस्टरसारखा: काळा, तीन पायांचा, शेंगदाण्याहून लहान. हिशेब मात्र सरळ. दर अंश सेल्सिअसला १० मिलिव्होल्ट. खोलीत २८ अंश असतील तर मधल्या पायावर २८० मिलिव्होल्ट. नुसता मल्टिमीटर लावूनही तापमान वाचता येतं.

घोळ सुरू होतो आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला जोडल्यावर. उनो ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो. म्हणजे एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची, जवळपास अर्ध्या अंशाची. पडद्यावरचा आकडा २७.८ वरून थेट २८.३ वर उडी मारतो आणि नवशिका सेन्सरला शिव्या घालतो. त्यात यूएसबीचे ५ व्होल्ट नेमके ५ असतीलच असं नाही. ते ४.८ झाले की खरे २८ अंश २९ च्या पुढे दिसतात.

उपाय एका ओळीचा: प्रोग्रॅममध्ये ५ व्होल्टऐवजी उनोच्या चिपमधलाच १.१ व्होल्टचा संदर्भ निवडायचा. पायरी ०.१ अंशाच्या आसपास येते. कमाल मर्यादा ११० अंशांवर उतरते, पण उकळता चहासुद्धा त्याच्या आतच असतो. फक्त बारीक पायरी म्हणजे अचूकता नव्हे. हा १.१ प्रत्येक चिपमध्ये १.० ते १.२ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. तो मल्टिमीटरने एकदा मोजून खरा आकडा प्रोग्रॅममध्ये लिहावा. हा कंटाळा बहुतेक जण करतात, मीही केलाय.

जोडताना सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली: डावा पाय वीजपुरवठ्याला, उजवा ग्राउंडला. उलटं जोडलंत तर तापमान पडद्यावर नाही, बोटाला कळेल.