पाणी धरून ठेवणारी भुकटी

जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते आणि मधून दुधना नदी जाते. तथापि पावसाच्या बाबतीत हा जिल्हा फारसा भाग्यवान नाही. वर्षाकाठी येथे सातशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही वेळेवर येईलच असा भरवसा नसतो. येथील काळ्या जमिनीत कापूस व तूर पिकते आणि अंबड, बदनापूर, घनसावंगी या भागांत मोसंबीच्या बागा डोलतात. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकनाचा मान मिळाला. पण त्याच्या चारच वर्षे आधी, म्हणजे २०१२ साली, पावसाने दगा दिला. पुढच्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या. कित्येक शेतकऱ्यांनी टँकरचे पाणी विकत घेऊन झाडे जगविण्याची धडपड केली. ज्यांना ते जमले नाही, त्यांना पोटच्या लेकराप्रमाणे वाढविलेली झाडे डोळ्यांदेखत वाळताना पाहावी लागली.

अशा वेळी कोणाच्याही मनात विचार येतो, की जमिनीत घातलेले थोडेसे पाणी मुळांपाशी अधिक दिवस धरून ठेवता आले तर किती बरे होईल! या विचाराचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञांची दृष्टी एका अनपेक्षित वस्तूकडे वळली. ती वस्तू म्हणजे तान्ह्या बाळाच्या तयार लंगोटातील, अर्थात डायपरमधील, पांढरी भुकटी होय.

ही भुकटी दिसावयास साखरेच्या बारीक दाण्यांसारखी असते. तिच्यावर पाणी ओतले की पाहता पाहता प्रत्येक दाणा फुगतो आणि त्याचा पारदर्शक, थलथलीत गोळा बनतो. शुद्ध पाणी असेल तर ही भुकटी आपल्या वजनाच्या कित्येक शेकडो पट पाणी शोषून घेते. स्पंजही पाणी शोषतो. पण स्पंज पिळला की ते पाणी लगेच बाहेर येते. ही भुकटी मात्र दाबली तरी पाणी सहजासहजी सोडीत नाही. म्हणून तर बाळाचे अंग कोरडे राहते. स्त्रिया आरोग्यासाठी ज्या सॅनिटरी पट्ट्या वापरतात, त्यांतही हीच भुकटी घातलेली असते.

हे घडते कसे? या भुकटीचे रेणू अतिशय लांब साखळ्यांसारखे असतात आणि या साखळ्या जागोजागी एकमेकींना बांधलेल्या असतात. कोळ्याच्या जाळ्याची गुंडाळी डोळ्यांपुढे आणा, म्हणजे कल्पना येईल. पाणी मिळाले की साखळ्यांवर सारख्याच जातीचे विद्युत्‌भार उघडे होतात. सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून जाळे उलगडत जाते आणि मोकळ्या झालेल्या जागेत पाणी शिरते. गाठी पक्क्या असल्यामुळे जाळे विरघळून जात नाही. ते केवळ ताणले जाते आणि पाणी त्यात अडकून राहते. पाण्यात मीठ असेल तर मात्र या ढकलाढकलीचा जोर कमी होतो. म्हणूनच खारट पाणी ही भुकटी पुष्कळच कमी शोषते. फुगलेल्या गोळ्यावर चिमूटभर मीठ टाकले, तर तो पाणी सोडून बसू लागतो.

या भुकटीचा प्रवासही मनोरंजक आहे. अमेरिकेच्या कृषिखात्याची एक प्रयोगशाळा पिओरिया या गावी आहे. तेथील शास्त्रज्ञांनी १९७० च्या सुमारास मक्याच्या स्टार्चपासून अतिशोषक पदार्थ बनविला. पुढे १९७८ च्या सुमारास जपानमध्ये अशा पदार्थांचा उपयोग सॅनिटरी पट्ट्यांत होऊ लागला आणि नंतर तो बाळांच्या लंगोटांत आला. म्हणजे शेतीच्या प्रयोगशाळेत जन्मलेली वस्तू घराघरांत गेली आणि तेथे नावारूपाला येऊन पुन्हा शेताकडे परतली!

आपल्या देशात नवी दिल्ली येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेने 'पुसा हायड्रोजेल' नावाचा असाच पदार्थ तयार केला. तो वनस्पतींतील सेल्युलोजच्या आधाराने बनविलेला आहे. तो आपल्या वजनाच्या ३५० पट शुद्ध पाणी धरू शकतो आणि एकरी साधारण एक ते दोन किलो पुरतो. पेरणीच्या वेळी तो बियांजवळ मातीत मिसळतात. पाऊस पडला की दाणे फुगतात. माती सुकू लागली की ते मुळांना हळूहळू पाणी देतात. आणि पुन्हा पाणी मिळाले की पुन्हा फुगतात.

मुलांनो, येथे थोडे गणित करून पाहू. दोन किलो पदार्थ ३५० पट पाणी धरतो, म्हणजे एका वेळी ७०० लिटर. एक एकर जमिनीवर केवळ एक मिलिमीटर पाऊस पडला, तरी त्याचे पाणी चार हजार लिटरांहून अधिक भरते. मोसंबीच्या एका मोठ्या झाडाला उन्हाळ्यात दिवसाला शंभर लिटरांच्या आसपास पाणी लागते. यावरून काय दिसते? ही भुकटी पाणी निर्माण करीत नाही, आणि वाळत चाललेली बाग ती एकटी वाचवू शकत नाही. कोवळे रोप आणि उगवते बी यांना दोन पावसांमधील खंड सोसण्यास ती हात देते, इतकेच. विंधनविहिरीचे पाणी क्षारयुक्त असेल, तर हा आधार आणखी घटतो. म्हणून शेततळे, बांधबंदिस्ती, ठिबक सिंचन आणि पालापाचोळ्याचे आच्छादन यांची जागा ती घेऊ शकत नाही.

शेताबाहेरही या भुकटीला पुष्कळ कामे मिळाली आहेत. जमिनीखालून जाणाऱ्या तारांच्या वेष्टनात ती घालतात. वेष्टनाला चीर पडून पाणी शिरलेच, तर भुकटी फुगून वाट बंद करते. रुग्णालयांत शस्त्रक्रियेच्या वेळी जमा झालेले दूषित द्रव तिच्या साहाय्याने घट्ट करतात, म्हणजे ते वाटेत सांडत नाहीत. पातळ गाळ वाहून नेण्याजोगा व्हावा, म्हणूनही ती त्यात मिसळतात.

मात्र तेल तिला शोषता येत नाही. जालना शहरात लोखंडी सळ्यांचे अनेक कारखाने आहेत. अशा कारखान्यांत यंत्रांचे तेल फरशीवर सांडते, तेथे ही भुकटी निरुपयोगी ठरते. त्या कामी लंगोटाचाच दुसरा भाग उपयोगी पडतो. लंगोटाचे वरचे मऊ कापड विणलेले नसते; ते पॉलिप्रॉपिलीनच्या बारीक तंतूंचे बनविलेले असते. याच पदार्थाच्या अतिसूक्ष्म तंतूंचे जाड थर पाण्याला दूर ठेवतात आणि तेल मात्र ओढून घेतात. समुद्रावर सांडलेले तेल टिपण्यासाठी असे थर वापरतात. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन सुमारे ८०० टन तेल समुद्रात सांडले, तेव्हा अशा साधनांची निकड सर्वांना कळली.

याहून नवलाची गोष्ट अशी, की जालन्याच्या शेतातील कापूसही हे काम करतो. कच्च्या कापसाच्या तंतूवर मेणाचा नैसर्गिक लेप असतो. त्यामुळे तो पाण्यावर तरंगतो, पण तेल शोषतो. अमेरिकेतील टेक्सस टेक विद्यापीठाच्या प्रयोगांत एक किलो कच्च्या कापसाने तीस किलोंहून अधिक खनिज तेल धरल्याचे आढळले. तुम्हीही एक प्रयोग करून पाहा. सरकी काढलेला कच्चा कापूस आणि औषधाच्या दुकानातील पांढरा कापूस पाण्यावर टाका. दुसऱ्याचे मेण काढलेले असते, म्हणून तो लगेच भिजून बुडू लागेल. पहिला तरंगत राहील.

या वस्तूंच्या वापरात सावधगिरी हवी. लंगोटातील भुकटी बहुधा खनिज तेलापासून बनवितात आणि ती मातीत लवकर कुजत नाही. वापरलेले लंगोट नाल्यात टाकले तर नाले तुंबतात. याच जातीचे रंगीत फुगणारे मणी खेळण्यांच्या दुकानांत मिळतात. लहान मुलाने असा मणी गिळला, तर तो पोटात फुगून जिवावर बेतू शकते. तेव्हा हे मणी धाकट्या भावंडांच्या हाती कधीही पडू देऊ नका.

पाणी शोषण्याची शक्ती विज्ञानाने आपल्या हाती दिली आहे. पण शोषून ठेवावयास आधी पाणी असावे लागते, आणि ते जपण्याचे काम कोणत्याही भुकटीवर सोपविता येत नाही. आपल्या शिवारात पडलेला पावसाचा प्रत्येक थेंब अडविणे, हे काम आपणच केले पाहिजे.

अभ्यास

१. स्पंज आणि अतिशोषक भुकटी यांच्यातील फरक सांगा.
२. खारट पाण्यात ही भुकटी कमी का फुगते?
३. 'ही भुकटी पाणी निर्माण करीत नाही' हे लेखकाने गणिताने कसे पटवून दिले आहे?
४. कच्चा कापूस पाण्यावर का तरंगतो? प्रयोग करून आपल्या वहीत लिहा.
५. तुमच्या गावात पाणी अडविण्यासाठी काय काय केले आहे, याची माहिती मोठ्या माणसांना विचारून लिहा.