डोक्यामागचे डोळे : हेल्मेटमधून मागचं दिसलं, तर जीव वाचतो का?

आजचा प्रश्न वरवर पाहता तंत्रज्ञांचा आहे. हेल्मेटमध्येच मागचा रस्ता दाखवणारी सोय असली, तर दुचाकीस्वार अधिक सुरक्षित होतो का? "जास्त दिसलं की जास्त सुरक्षित, यात विचारायचं काय?" असं कोणीही म्हणेल. पण दिसणं, लक्षात येणं आणि त्याचा वेळेवर उपयोग होणं, ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण त्या एकेक करून तपासू.

आधी दिसण्याचं पाहू. ही सोय दोन प्रकारांनी केली गेली आहे. 'रीव्हू' ह्या ब्रिटिश हेल्मेटात मागच्या बाजूने आत आलेला प्रकाश आरशांवरून परावर्तित होत डोक्यावरून पुढे येतो आणि कपाळाच्या वर एक लहानसं चित्र दिसतं. त्याला बॅटरी लागत नाही. दुसरा प्रकार कॅमेऱ्याचा. अमेरिकेतल्या 'स्कली'ने २०१४ मध्ये अशा हेल्मेटासाठी लोकवर्गणीतून सुमारे २४ लाख डॉलर जमवले. २०१६ मध्ये कंपनी बंद पडली आणि पैसे भरलेल्या बहुतेकांना हेल्मेट मिळालंच नाही. अर्थात कंपनी बुडाली म्हणून कल्पना खोटी ठरत नाही, तसेच पैसे जमले म्हणून ती खरीही ठरत नाही.

आता एक साधी गोष्ट ध्यानात घ्या. हँडलवरचा आरसा गाडीला जोडलेला असतो, हेल्मेटातला डोळा मात्र डोक्याला. उजवीकडे वळायचं म्हणून आपण मान उजवीकडे फिरवली, की डोक्याची मागची बाजू डावीकडे जाते. म्हणजे ज्या बाजूला जायचं, तिच्या उलट बाजूचा रस्ता दिसू लागतो! मान खाली घातली तर आभाळ दिसणार. शिवाय भिंग रुंद असेल तर मागची गाडी आहे त्यापेक्षा लहान आणि लांब भासते. ह्या सोयीचा फायदाही आहे, तो नाकारू नये. हँडलच्या आरशात आपलं अर्धं कोपरच दिसतं. इथे तो अडथळा नाही.

दुसरी पायरी लक्ष जाण्याची. आपल्या नैयायिकांनी मन अणुएवढं मानलं. का, तर दोन ज्ञानं एकाच क्षणी उत्पन्न होत नाहीत, हा अनुभव. त्यांचं मनाचं शास्त्र आज जसंच्या तसं मान्य करायचं कारण नाही, पण निरीक्षण पक्कं आहे. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने आपण सेकंदाला जवळपास १७ मीटर जातो. एक सेकंद वरच्या चित्राकडे पाहिलं, की समोरचे १७ मीटर आपण न बघताच पार केले.

आणि धोका बहुतेक असतो कुठे? हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. अहवाल १९८१ चा. तीन-चतुर्थांशांहून अधिक अपघातांत धोका समोरच्या दिशेला, दोन्ही बाजूंच्या ४५ अंशांच्या आत होता. आणि स्वाराच्या हाती सावरायला साधारण दोन सेकंदांहूनही कमी वेळ होता.

तुम्ही म्हणाल, सर, ते लॉस एंजेलिस, आपलं काय? रास्त आहे. भारतात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतले सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरचे. सरकारी अहवालात 'मागून धडक' ह्या प्रकाराचा वाटा एकूण अपघातांत साधारण एकपंचमांश आहे. पण हा आकडा सगळ्या वाहनांचा. दुचाकीला मागून ठोकलं की दुचाकीनेच पुढच्याला ठोकलं, हे त्यातून कळत नाही. आणि सरळ जात असताना मागून भरधाव ट्रक आला, तो दिसलाही, तरी करणार काय? मागचं दिसणं खरं उपयोगी पडतं ते लेन बदलताना, वळताना, सिग्नलला थांबताना. त्या वेळी आरसा आणि खांद्यावरून एक नजर, एवढ्याने बरंच भागतं. आणि आपण तर आरसे आतल्या बाजूला दुमडून ठेवतो, नाही तर काढूनच टाकतो!

तिसरी पायरी उपयोगाची, आणि इथे एक उदाहरण फार बोलकं आहे. अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून मोटारींना मागच्या काचेजवळ तिसरा ब्रेक-दिवा सक्तीचा झाला. आधीच्या चाचण्यांत मागून होणाऱ्या संबंधित धडका जवळपास निम्म्याने घटल्या होत्या. पुढे तो दिवा सर्रास झाला, नवलाई ओसरली, आणि दीर्घकाळचा फायदा ४.३ टक्क्यांवर स्थिरावला. दिवा स्वस्त, म्हणून तेवढ्यानेही तो परवडला. म्हणजे पहिल्या दिवसांच्या उत्साहावरून निष्कर्ष काढू नये, आणि फायदा लहान असेल तर किंमत बघावी.

हेल्मेटाच्या बाबतीत किंमत फक्त पैशांची नाही. हेल्मेट जीव वाचवतं ते बाहेरचं कवच आणि आतला थर्माकोलसारखा थर यांच्या जोरावर. अनेक अभ्यास एकत्र पाहिल्यावर असं दिसलं, की हेल्मेटामुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. त्यात कॅमेरा, बॅटरी, खाचा आल्या, तर त्या सगळ्यांसकट ते चाचणीत उतरलं पाहिजे. मानेवर वजन वाढलं, आणि मागचं दिसतं म्हणून स्वार जरा बिनधास्त झाला, तर हिशेब उलटाही पडू शकतो.

तेव्हा आपला निष्कर्ष असा. मागचं दाखवणारं हेल्मेट निरुपयोगी आहे असं आपण म्हणत नाही; त्याने जीव वाचतात हे मात्र केवळ 'जास्त दिसतं' यावरून सिद्ध होत नाही. दाखवणाऱ्याने ते अपघातांच्या आकड्यांतून दाखवावं. तोवर मुलाला किंवा मुलीला गाडी घेऊन देताना क्रम लक्षात ठेवा : आयएसआय खुणेचं, डोक्याला नीट बसणारं हेल्मेट, हनुवटीखाली लावलेला पट्टा, जागच्या जागी दोन्ही आरसे. हे सगळं झाल्यावर पैसे उरले, तर डोक्यामागच्या डोळ्यांचा विचार करू.