जुना रंधा शोभेला ठेवताय?

परवा पुण्याच्या जुन्या बाजारात एक लाकडी रंधा मिळाला. मुठीशी लाकूड काळंभोर, गुळगुळीत. अंगठा टेकतो तिथे चक्क खळगा. कुण्या सुताराने किती दारं-खिडक्या उतरवल्या असतील त्यावर!

अशी हत्यारं पॉलिश पेपरने घासून नवीकोरी करू नका, प्लीज. पापुद्रे सुटणारा लाल गंज लोखंड खातो, तेवढाच स्टील वूलने काढा. खालचा घट्ट बसलेला काळपट थर राहू द्या. सगळं रूप त्याचंच.

लाकडाला जवसाचं तेल, अगदी पातळ हात. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन कडक होतं. खोबरेल तसं सुकत नाही, नुसती धूळ धरतं.

तेलाच्या चिंध्या मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप पेट घेऊ शकतात (खरंच!). मोकळ्यावर पसरून वाळवा.

पटाशी, गिरमिट, वाकस, सगळं एकाच भिंतीवर टांगणं मला पटत नाही. दुकान वाटतं. एकच ठेवा, हातात घेता येईल असं. ओल येणारी भिंत टाळा.

आजोबांचं एखादं हत्यार माळ्यावर पडलंय? फोटो टाका, शंका विचारा. जमेल तेवढं सांगतो.