बाबांच्या येझदीचा रंग, शुवैखमध्ये

मोटारसायकलला रंग द्यायला किती वेळ लागतो? माझ्या हिशेबाने शुक्रवार-शनिवार, दोन दिवस. प्रत्यक्षात मे महिन्यात काढलेलं काम डिसेंबरात संपलं, आणि मधे एक पत्र्याचं झाकण कोल्हापूरहून कुवेतला येऊन परत गेलं.

गाडी इथलीच, सेकंडहँड कावासाकी. काळी, टाकीवर आधीच्या मालकाच्या कृपेने भरपूर ओरखडे. रंगवायचीच आहे तर बाबांच्या येझदीसारखी मरून करू, एवढाच विचार होता. ती येझदी म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. बाबा जाऊन तीन वर्षं झाली. गाडी पडवीत उभी आहे आणि भाऊ म्हणतो, आता विकून टाकू. आई काहीच म्हणत नाही, म्हणजे तिला ते मान्य नाही.

शुवैखचा औद्योगिक भाग कुवेतकरांना सांगायला नको. घरच्यांनी आपलं उद्यमनगर डोळ्यांसमोर आणावं, फक्त पाट्या अरबीत. तिथल्या एका गॅरेजातले रंगारी पाकिस्तानातल्या पंजाबचे. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणतो. त्यांनी रंगाबद्दल काही विचारायच्या आधी विचारलं, "परमिशन?" इथे गाडीचा रंग बदलायचा तर आधी वाहतूक खात्याची परवानगी लागते आणि नंतर दफ्तरात नवा रंग नोंदवावा लागतो. दफ्तर म्हणजे गाडीचं नोंदणीपुस्तक, आपल्या शाळेच्या दप्तराचा सख्खा भाऊ. भारतातही आरसीवर रंग लिहिलेला असतो आणि बदलला तर आरटीओला कळवावं लागतं, पण आपल्याकडे ते किती जण करतात ते जाऊ दे. परदेशात राहून कागदाशी खेळायची माझी हिंमत नाही.

मग मी भावाकडून येझदीचे फोटो मागवले आणि कॉम्प्युटरवर त्यातला रंग मोजला. तीन फोटो, तीन वेगळे कोड. सकाळचा फोटो विटकरी, ट्यूबलाइटखालचा जांभळट. मी त्यांची सरासरी काढून चाचांना दिली (आमच्या धंद्यातली माणसं अशीच). ते हसले. म्हणाले, फोटोवरून रंग बनत नाही, तुकडा आण.

भावाने कुरकुरत बाजूच्या डब्याचं झाकण काढलं. मंडळातल्या एक काकू सुट्टीहून परत येत होत्या, त्यांच्या बॅगेत पुरणपोळ्यांच्या डब्याखालून ते इथे आलं. चाचांनी ते हातात घेतलं, कापडावर पॉलिशचा लेप घेऊन एका कोपऱ्यात रुपयाएवढी जागा घासली आणि मला दाखवली. आतून वेगळाच रंग आला. गडद, पिकलेल्या जांभळाच्या जवळ जाणारा.

त्याचं कारण साधं आहे. आजच्या गाड्यांना रंगावर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर असतो. त्या काळच्या रंगावर असा थर नसायचा, त्यामुळे ऊन थेट रंगावर. वर्षानुवर्षं उन्हाने वरचा पातळ भाग खडूसारखा होतो, फिका पडतो. तो घासून काढला की खालचा रंग दिसतो. झाकणाच्या आतल्या कडेला ऊन कधी पोचलंच नव्हतं, तिथेही हाच गडद रंग होता.

चाचांनी विचारलं, "कौन सा बनाऊँ?"

मला सांगता येईना. पेट्रोलच्या टाकीवर पुढे बसून मी शाळेत गेलो तो रंग फिका होता. बाबांनी पसंत केलेला रंग मी पाहिलेलाच नव्हता.

चाचांनी त्याच्या दोन पट्ट्या बनवल्या. दुकानात काट्यावर ग्रॅमग्रॅमने रंग मिसळून, एक फिकी, एक गडद. तोवर उन्हाळा पेटला होता. तापलेल्या पत्र्यावर फवारलेला रंग पसरायच्या आतच सुकतो आणि खरखरीत बसतो, त्यात धुळीचं वादळ आलं तर संपलंच. चाचा म्हणाले, दिवाळीनंतर ये. तेवढ्या वेळात झाकण आणि दोन्ही पट्ट्या गावाकडे निघालेल्या एका मित्राबरोबर आईकडे गेल्या. व्हिडिओ कॉलवर दाखवून उपयोग नव्हता, एवढं शिकलो होतो.

आईने तिन्ही वस्तू अंगणात उन्हात धरून बघितल्या. मग फोनवर म्हणाली, "फिका तू बघितलास. लग्नानंतर आम्ही जोतिबाला गेलो तेव्हा गाडी ही अशी होती." अशी म्हणजे गडद.

नोव्हेंबरअखेर काम सुरू झालं. जुना रंग पत्र्यापर्यंत काढला, प्रायमर, मग पाण्याबरोबर पॉलिश पेपर घासणं. त्यातच दोन दिवस गेले. मी घासायला बसलो तर चाचांनी माझा हात उचलून बाजूला ठेवला, कारण मी बोटांनी दाबत होतो आणि पत्र्यावर खळगे उमटत होते. रंगाचे तीन पातळ हात, दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. वरून हार्डनर घातलेला क्लिअर. या हार्डनरमधली आयसोसायनेट फुफ्फुसाला वाईट असतात, एकदा दमा जडला की बऱ्याचदा जात नाही. साधा मास्क पुरत नाही, नळीने ताजी हवा देणारा लागतो. गॅरेजात तो होता, पण खिळ्याला टांगलेला. चाचा तोंडाला रुमाल बांधून सुरू करणार होते. मी म्हटलं, चाचा, तो घातल्याशिवाय माझी गाडी रंगवायची नाही. ते चिडले. तरी घातला.

खर्च किती आला ते इथे लिहीत नाही, बायको हे पान वाचते.

आठवड्यापूर्वी भावाचा फोन आला. झाकण त्याने परत बसवलंय. येता-जाता तो घासलेला चकचकीत कोपरा डोळ्यात भरतो म्हणे. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने विचारलं, "त्या गडद रंगाची चिठ्ठी आहे ना तुझ्याकडे? फोटो नको पाठवू. कंपनी कुठली, आणि ग्रॅममध्ये किती, तेवढं नीट लिहून पाठव."