आरव्हीतला फ्रिज आणि तिरकी जमीन

अमेरिकेत आरव्ही घेऊन फिरणाऱ्या मंडळींनो, तुमच्या गाडीत गॅसवर चालणारा फ्रिज असेल तर हे वाचाच. त्याला कॉम्प्रेसर नसतो. १९२२ साली स्वीडनमधल्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी काढलेली ही अफलातून युक्ती: मागे बॉयलरखाली ज्योत, आणि बंद नळ्यांत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन.

थंडावा देऊन झालेला द्रव बॉयलरकडे परततो तो केवळ उताराने. गाडी तिरकी उभी राहिली की तो वाटेतच तुंबतो आणि बॉयलर कोरडाच तापत राहतो. मग गंज रोखणारं सोडियम क्रोमेट बिघडतं, त्याचे खडे नळीत अडकतात. ते पुन्हा विरघळत नाहीत; नुकसान दरवेळी साठत जातं. शेवटी नळीला चीर पडली की हायड्रोजन बाहेर, आणि शेजारीच ज्योत!

चालत्या गाडीत द्रव हिंदकळत राहतो, म्हणून खरा धोका उभ्या गाडीला. मुक्कामावर मी आधी फ्रीझरच्या तळावर स्पिरिट लेव्हल ठेवतो. बुडबुडा मधोमध आला की मगच चहा. बॉयलरवर तापमानाचा सेन्सरही बसवून घ्या, जास्त तापलं की तो फ्रिज बंद करतो.

जागा सपाट मिळालीच नाही, तर फ्रिज बंद ठेवा.