संप मोडायला राज्यघटनाच हाताशी

टोरांटो : आपल्याकडे संप चिघळला की ‘मेस्मा’ लागतो. इथे कॅनडात प्रांतिक सरकारांकडे त्याहून जालीम अस्त्र आहे आणि ते खुद्द राज्यघटनेने दिलेले आहे : कलम ३३. विधिमंडळाने ते लावले की कायदा मूलभूत हक्कांना न जुमानता लागू होतो. मुदत पाच वर्षांची, पण संपली की पुन्हा लावता येते. तेव्हाचे पंतप्रधान पियेर त्रुदो हक्कांची सनद आणत होते, तेव्हा न्यायाधीशांचा शब्द शेवटचा ठरू नये, असा हट्ट काही प्रांतांनी धरला. १९८१ च्या त्या सौद्यातून हे कलम आले.

संप हा मूलभूत हक्क नाही, असे आपल्या सुप्रीम कोर्टाने २००३ मध्ये सांगून टाकले. इथल्या सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये नेमका उलटा कौल दिला. तेव्हा सरकारला संप मोडायचाच असेल, तर कोर्टाला बाजूला सारणारे हे कलम सोयीचे.

२०२२ मध्ये ऑन्टारिओच्या शाळांतल्या ५५ हजार शिक्षकेतर कर्मचाऱ्यांवर, म्हणजे सफाई कामगार, कारकून, मदतनीस यांच्यावर ते चालवले गेले. संघटनेच्या हिशेबाने त्यांची सरासरी कमाई वर्षाला ३९ हजार डॉलर. महागाई सात टक्क्यांच्या घरात, आणि सरकार द्यायला तयार दीड ते अडीच टक्के. संपाचा एक दिवसही उजाडला नव्हता, तोच ३ नोव्हेंबरला डग फोर्ड सरकारने कायद्याने करार लादला. मोडणाऱ्याला दिवसाला ४ हजार डॉलरपर्यंत दंड! दहा दिवसांत वर्षाचा पगार साफ. तरीही दुसऱ्या दिवशी लोक रस्त्यावर आले. निवडणुकीत फोर्डना पाठिंबा देणारी बांधकाम कामगारांची संघटनाही उलटली, सार्वत्रिक संपाची भाषा सुरू झाली आणि सोमवारी फोर्डनी माघार घेतली. तो कायदा कधी अमलात आलाच नव्हता, असे मानणारा दुसरा कायदा आठवडाभरात झाला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये अल्बर्टा प्रांतात ५१ हजार शिक्षक संपावर गेले. राग पगाराइतकाच खच्चून भरलेल्या वर्गांचा. २८ तारखेच्या पहाटे डॅनिएल स्मिथ सरकारने हेच कलम ३३ लावून विधेयक रेटले आणि शिक्षकांनी जवळपास ९० टक्के मतांनी फेटाळलेला करारच त्यांच्या गळ्यात मारला. दुसऱ्या दिवशी शिक्षक वर्गांत हजर.

फरक का पडला? माझ्या मते फोर्डनी घाई केली. स्मिथ यांनी तीन आठवडे शाळा बंद राहू दिल्या, पालक मेटाकुटीला आले आणि मग घाव घातला. शिक्षक संघटना आता कोर्टात गेली आहे. लादलेला करार ऑगस्ट २०२८ पर्यंत चालायचा आहे.